संस्थापक दरवर्षी पडतात

शाळेचे संस्थापक दरवर्षी स्थापनादिनाला, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, शिडीवरून पडत. गेली सव्वीस वर्षं यात खंड नव्हता. शाळेची पाटी ठोकायला ते शिडीवर चढत, तिसऱ्या पायरीवर हातोडी उगारत, ‘ज्ञानाचं दार आज उघडलं!’ असं गरजत आणि धाडकन खाली येत. लगेच प्रथमोपचार पथकाची आठ मुलं पांढरे डगले घालून दोन्ही विंगांतून धावत सुटत आणि संस्थापकांना असं काही गुंडाळत, की पुढच्या प्रवेशाआधी त्यांना पट्ट्यांमध्ये स्वतःची मिशी शोधावी लागे.

खरे संस्थापक कधीही शिडीवरून पडले नव्हते. ते शिडीवर चढल्याचीसुद्धा कुठे नोंद नव्हती. पण प्रथमोपचार पथकाला नाटकात काम हवं होतं. काम हवं तर कुणीतरी पडायला हवं. आणि पडायचंच, तर ज्याच्या पडण्याची सगळ्यांना काळजी वाटेल असा माणूस हवा.

हा हिशोब होता नाटकसरांचा. या सरकारी हायस्कुलात त्यांनी एकोणतीस वर्षं नाटक शिकवलं आणि एकोणतीस वर्षं एकच नाटक बसवलं, शाळेच्या जन्माचं. पहिल्या वर्षी त्यात सात पात्रं होती आणि सगळं खरं होतं: लाकडाच्या वखारीत भरलेला पहिला वर्ग, एक शिक्षक, एक सुतार, चार मुलं आणि संस्थापक. त्या वर्षी एकवीस मुलं हिरमुसून घरी गेली. तेव्हापासून नाटकसरांनी नियमच करून टाकला, की ज्याला स्टेजवर यायचंय त्याला नाही म्हणायचं नाही. दुसऱ्या वर्षी बुद्धिबळ मंडळ आलं, म्हणून संस्थापकांनी वखारीची जागा मालकाशी बुद्धिबळ खेळून जिंकली. वादविवाद मंडळ आलं, म्हणून घंटा कुठे टांगायची यावरून गावात दोन तट पडले. गणित मंडळानं ओंडक्यांचं घनफळ तोंडी काढून वखारवाल्याची बोलती बंद केली. पक्षिनिरीक्षण मंडळासाठी पहिल्याच तासाला वर्गात घुबड शिरलं. एका वर्षी वाद्यवृंदात चौदा बासरीवाले निघाले, तेव्हा शाळेच्या उद्घाटनाला चौदा मेंढपाळ हजर झाले. ते पुढे कधी परत गेलेच नाहीत. मागच्या वर्षी पात्रांची संख्या सत्तेचाळीस होती.

याचा ताप झाला तो इतिहासाच्या सरांना. मुलं त्यांना सनावळे सर म्हणत. ते त्यांचं आडनाव नव्हतं, पण पगारपत्रक सोडलं तर सगळीकडे तेच चाले. नववीच्या परीक्षेत ‘आपल्या शाळेचा इतिहास’ यावर दहा गुणांचा प्रश्न असे, आणि दरवर्षी मुलं बिनदिक्कत लिहीत, ‘संस्थापकांचा उजवा पाय अधू होता, कारण ते शिडीवरून पडले.’ एकानं तर लिहिलं होतं, ‘आपल्या शाळेची स्थापना घुबडाने केली.’ नाटक झालं, की दुसऱ्या दिवशी सनावळे सर नाटकसरांच्या हातात चुकांची क्रमवार यादी ठेवत. नाटकसर ती वाचून ‘वा, या वर्षी एकोणीसच!’ म्हणत आणि पुढच्या वर्षी विसावी घालत.

या वर्षी यादी घ्यायला नाटकसर नव्हते. आठ महिन्यांपूर्वी, एका साध्या मंगळवारी सकाळी, अर्धी दाढी झालेली असताना ते गेले.

नाटकाची जबाबदारी त्यांच्या लेकीवर आली. ती याच शाळेत शिकली आणि आता इथेच विज्ञान शिकवत होती. आपण हे काम कधी स्वीकारलं ते तिला आठवत नव्हतं. लोकांनी गृहीत धरलं आणि तिनं मोडता घातला नाही, एवढंच. बाबांची प्रॉम्प्टिंगची निळी वही अजून घरी कपाटावर होती. तिनं ती खाली काढली नव्हती. काढायची गरजही नव्हती; संवाद मुलांना पाठ होते, काहींच्या तर आईवडिलांनाही.

स्थापनादिनाला तीन आठवडे उरले असताना तिला मुख्याध्यापिकांचं बोलावणं आलं. त्या दोन महिन्यांपूर्वीच बदलून आल्या होत्या. उंचीनं नववीतल्या मुलीएवढ्या, तरी सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणत. खोलीत सनावळे सर आधीच बसले होते. त्यांच्या मांडीवर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं एक जाडजूड पुस्तक होतं. एखादं झोपलेलं मूल धरावं तसं त्यांनी ते धरलं होतं.

“बसा,” मोठ्या बाई म्हणाल्या आणि स्वतः उभ्याच राहिल्या. “स्थापनादिनाला संस्थापकांच्या कन्या येताहेत. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत. स्वतःहून पत्र पाठवलंय. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.”

“छान झालं की.”

“छानच आहे. पण मला सांगा, त्यांच्यासमोर आपण त्यांच्या वडिलांना शिडीवरून पाडणार आहोत का?”

तिनं सनावळे सरांकडे पाहिलं.

“आणि घुबड?” सनावळे सर कोपऱ्यातून म्हणाले. “घुबडाचंही विचारा.”

“मला कुणाची मजा घालवायची नाहीये,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण त्यांचे वडील आहेत ते. आपण हसणार आणि त्या पहिल्या रांगेत बसून बघणार. बरं दिसेल?”

सनावळे सरांनी फडकं सोडलं. आत शाळेच्या संस्थापक समितीच्या सभांची इतिवृत्तं होती, पहिल्या सभेपासूनची, संस्थापकांच्या हातची. पानं उलटण्याआधी त्यांनी बोटं रुमालाला पुसली.

“हे बघ,” ते तिला म्हणाले. ती त्यांची विद्यार्थिनी. तिच्या डोक्यावर दोन-चार पांढरे केस आले तरी ते तिला अहो-जाहो करणार नव्हते. “अकरा सभासद. प्रत्येक सभेला अकराच्या अकरा हजर. पाऊस असो, थंडी असो. आणि हे चौथे सभासद बघ. प्रत्येक ठरावाला विरोध! खिडकीला गज बसवायचा ठराव, तर ‘चौथे सभासद विरोधात’. फळ्याला काळा रंग, ‘चौथे सभासद विरोधात’. बाकीचे दहा माना डोलावताहेत आणि हा एकटा गृहस्थ ताठ! असा माणूस आज दाखव मला.”

या अकरा जणांची नावं सरांनीच सोनेरी अक्षरांत रंगवून घेऊन व्हरांड्यात लावली होती. चौथं नाव बाकीच्यांपेक्षा किंचित मोठं होतं. रंगाऱ्याची चूक, असं सर म्हणत.

“मग काय करायचं?” तिनं विचारलं.

“जेवढं यात आहे तेवढं ठेवायचं,” मोठ्या बाई म्हणाल्या. “सात पात्रं.”

तिला भांडता आलं असतं. पण अडचण अशी, की तिला ते पटत होतं. आयुष्यभर ती बाबांशी याच मुद्द्यावर वाद घालत आली होती. प्रयोगवहीत मुलांनी उत्तर जुळवून आणलं, की ती लाल पेनानं लिहायची, ‘दिसलं ते लिहा, दिसायला हवं होतं ते नको.’ आता घरचं नाटक आलं म्हणून पेन खिशात ठेवायचं?

“ठीक आहे,” ती म्हणाली.

चाळीस मुलांना हे सांगायचं काम अर्थातच तिचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. आधी कुणाला कळलंच नाही. मग प्रथमोपचार पथकाची प्रमुख उठली. दहावीतली मुलगी, दप्तरात कायम कात्री आणि पट्टी असायची म्हणून तिला सगळे नर्सबाई म्हणत.

“बाई, मग आम्ही पट्ट्या कुणाला बांधायच्या?”

“कुणाला नाही. संस्थापक पडले नव्हते.”

“एकदासुद्धा?”

“इतिहासात नाही.”

“मग त्यांना ताप आला असेल! ताप तर येतोच ना माणसाला?”

“तापाला पट्टी बांधतात का गं?” मागून कुणीतरी ओरडलं.

“कपाळावर ठेवतात, ढब्बू! ओली!”

बुद्धिबळ मंडळाचे दोघे एकमेकांकडे बघून काही न बोलता उठले. ते तसेही काही बोलत नसत. वादविवाद मंडळ या निर्णयाच्या बाजूनं आणि विरोधात असं लगोलग विभागलं गेलं. एका मेंढपाळानं विचारलं, “बाई, आम्ही मागे उभे राहिलो तर? बासरी न वाजवता? मेंढपाळ आहोत हे कुणाला सांगणारच नाही.”

“नको रे. बसा आता.”

हळूहळू कपडे स्टेजवर जमा व्हायला लागले: डगले, काठ्या, पुठ्ठ्याची घंटा. सगळ्यात शेवटी घुबड आलं. आठवीतली ही मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. पुठ्ठ्यावर कापडाचे तुकडे शिवून केलेले पंख तिनं खांद्यावरून उतरवले आणि त्यांची घडी घालायचा प्रयत्न केला. पुठ्ठ्याची घडी होईना. तिनं दोनदा करून पाहिलं.

“बाई,” ती म्हणाली, “हे मी कुठे ठेवू?”

दीड वर्षात तिच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

रविवारी दुपारी तिनं स्टूल घेतलं आणि कपाटावरची निळी वही खाली काढली. आई खिडकीपाशी मटार सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

“धूळ पुसून उघड,” आई म्हणाली. “आठ महिन्यांची आहे.”

वहीतले संवाद शाईनं लिहिलेले होते आणि समासात सगळीकडे बाबांची शिसपेन्सिल. ती वाचायला लागली. शिडीच्या प्रवेशाशेजारी लिहिलं होतं, ‘नववी ब मधला उंच. आवाज फुटलाय, बोलायला लाजतो. पडायला आवडेल.’ बुद्धिबळाशेजारी, ‘दोघे भाऊ, एकमेकांशी बोलत नाहीत. समोरासमोर बसवावे.’ घनफळाशेजारी, ‘हिला दोनदा नापास केलंय. उत्तर बरोबर येतं हे सगळ्या शाळेला दिसू दे.’ प्रत्येक थापेच्या शेजारी एक मूल उभं होतं. काहींची तिला आठवण होती. एक तर आता तिचा दाताचा डॉक्टर होता.

चौथ्या वर्षाचं पान आलं. संस्थापक पहिला धडा वाचतात आणि एक मुलगी शेजारी कंदील धरून उभी राहते, तो प्रवेश. समासात होतं, ‘लेक. बोलायला लावू नये. कंदील.’

तिनं वही मांडीवर ठेवली.

“काय झालं?” आईनं विचारलं.

“कंदिलाचा प्रवेश खोटा आहे.”

“मग?”

“मला वाटायचं, बाकी सगळं बाबांनी घुसवलंय, पण तेवढं खरं आहे. मी नववीच्या पेपरातसुद्धा लिहिलंय ते. सनावळे सरांनी त्याला काट मारली, तेव्हा मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नव्हते.”

आई इतकी हसली, की दोन शेंगा खाली पडल्या. “तुझ्या बाबांना घरी एक थाप धड मारता यायची नाही,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी मीठ बंद केलं तर लपवून खायचे आणि लगेच स्वतःच सांगायचे. सगळं कसब शाळेत खर्च व्हायचं.” मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा शेंग हातात घेतली.

वहीच्या मागच्या बाजूला सनावळे सरांच्या सगळ्या याद्या टाचून ठेवल्या होत्या, वर्षवार. बाबांनी प्रत्येक चुकीपुढे शेरा मारला होता. ‘क्र. ३, बरोबर आहे. तरी ठेवू.’ ‘क्र. ९, हे मला माहीतच नव्हतं, विचारलं पाहिजे.’ ‘क्र. ११, सरांचं अक्षर काय सुरेख!’ आणि मागच्या वर्षीच्या यादीच्या तळाशी: ‘सरांना नाटकात काम द्यायला हवं. किती वर्षं मनात आहे. विचारायची हिंमत होत नाही.’

ते वाक्य तिनं पुन्हा वाचलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत सनावळे सर एकटेच उत्तरपत्रिका तपासत होते.

“सर, नाटकात एक काम आहे.”

“कुणासाठी?”

“तुमच्यासाठी.”

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. “तब्येत बरी आहे ना तुझी?”

“ऐका तर. संस्थापक पडतील. तुम्ही स्टेजच्या कडेला इतिवृत्त घेऊन बसाल. ते पडले, की शिट्टी वाजवायची, उठायचं आणि सांगायचं, ‘इतिहासात नोंद नाही!’ मग खरं काय झालं ते वाचून दाखवायचं. प्रत्येक खोट्या प्रवेशाला असंच.”

“म्हणजे मी माझ्या हातानं त्या सर्कशीत जाऊन बसू?”

“सत्तावीस वर्षं तुम्ही ही यादी एका माणसाला देत आलात. आता सगळ्या गावाला द्या.”

“मला जमणार नाही. आणि तुझ्या वडिलांना हे मुळीच चाललं नसतं.”

तिनं याद्यांचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. सर वाचायला लागले. अक्षराबद्दलचा शेरा त्यांनी बराच वेळ वाचला. शेवटच्या पानावर आल्यावर त्यांनी विचारलं, “हिंमत नाही? मला घाबरायचा तो?”

“तुम्ही नाही म्हणाल, याला घाबरायचे.”

सुट्टी संपल्याची घंटा झाली. सर उठले नाहीत. मग घसा खाकरून म्हणाले, “बूट कोणते घालायचे असतात?”

मोठ्या बाईंनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं आणि एक अट घातली. प्रत्येक थाप तिथल्या तिथे थाप म्हणून सांगितली गेली पाहिजे, एकही सुटता कामा नये. “आणि पाहुण्यांचा चेहरा पडला, की मी पडद्याकडे हात करीन. मग पुढचं सगळं बंद. या वर्षीच नाही, कायमचं. मान्य?”

“मान्य,” ती म्हणाली.

तालमी सुरू झाल्या आणि नवाच प्रश्न उभा राहिला. सनावळे सरांना स्टेजवरून उतरवणं अशक्य होऊन बसलं. शिट्टी त्यांनी स्वतःच्या खर्चानं आणली होती, आगगाडी थांबेल अशी. ‘इतिहासात नोंद नाही!’ हे वाक्य ते रोज नव्या तऱ्हेनं म्हणून बघत. कधी करुण, कधी खवळून, कधी पाठमोरे. एकदा तर संस्थापक शिडीवर चढायच्या आतच शिट्टी वाजली.

“सर, अजून पडले नाहीत ते!” नर्सबाई विंगेतून ओरडली.

“पडणारच आहे गं तो. मला माहीत नाही का?”

पाचव्या दिवशी ते तिला बाजूला घेऊन म्हणाले, “मधे बारा मिनिटं मला काहीच काम नाही. एखादी चूक वाढवता येणार नाही का?”

स्थापनादिनाला हॉल भरला. पहिल्या रांगेत मधोमध संस्थापकांच्या कन्या बसल्या. बारीक चणीच्या, हातात काठी, गुडघ्यावर शाल. शेजारी मोठ्या बाई, आणि नाइलाजानं बसलेल्या. ती विंगेत बाबांच्या जागी वही घेऊन बसली. पलीकडे पडद्याची दोरी धरून शिपाईमामा होते. दोरीकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

चार वाजून वीस मिनिटांनी संस्थापक पडले. हॉल नेहमीसारखा हसला नाही. सगळ्यांच्या माना पहिल्या रांगेकडे वळल्या होत्या. म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग शिट्टी वाजली, इतकी जोरात की पुढचं एक तान्हं मूल रडायला लागलं, आणि सनावळे सर उठले. “इतिहासात नोंद नाही!” हॉल हशानं दुमदुमला. म्हातारीनं काठी दोनदा जमिनीवर आपटली. हे हसणं होतं की राग, ते विंगेतून कळेना.

बुद्धिबळ झालं, घंटेचा वाद झाला, ओंडक्यांचं घनफळ निघालं. सर रंगात आले होते. घनफळानंतर त्यांनी इतिवृत्त दोन्ही हातांनी उंच धरलं. “खरी गोष्ट ऐका! ही जागा कुठल्या आकडेमोडीनं मिळाली नाही. अकरा थोर माणसांनी एकत्र बसून ठराव केला. उपस्थित अकरा! ठराव मंजूर. चौथे सभासद—”

“थांबा जरा,” पहिल्या रांगेतून आवाज आला.

म्हातारी काठीच्या आधारानं उभी राहिली होती. मोठ्या बाईही उठल्या.

“अकरा कुठले?” म्हातारी म्हणाली. “कुणी आलं नव्हतं. वडिलांनी घरोघरी जाऊन बोलावलं, सगळे हो म्हणाले, आणि एकही फिरकला नाही. सभा आमच्या जेवायच्या टेबलावर व्हायची. वडील आणि मी. मी सहा वर्षांची होते. रिकाम्या सभेचं काय लिहायचं, म्हणून ते मला विचारायचे, ‘आज कोण कोण आलंय?’ मी नावं सांगायची, ते लिहायचे. पहिल्या तीन माझ्या बाहुल्या. त्यांना ते आदरानं श्रीयुत लावायचे.”

सनावळे सरांच्या हातातलं पुस्तक खाली खाली येत होतं.

“पण चौथे?” ते म्हणाले. हे संवादात नव्हतं. “चौथे सभासद तर प्रत्येक ठरावाला विरोध करत होते!”

“तो आमचा कुत्रा,” म्हातारी म्हणाली. “टेबलाखाली बसायचा. वडील मोठ्यानं वाचायला लागले, की भुंकायचा.”

हशा उसळला, आणि सरांचा चेहरा दिसल्यावर तसाच विरला. ते स्टेजच्या मधोमध उभे होते आणि त्यांना पुढचा शब्द सापडत नव्हता. मोठ्या बाईंचा हात अर्धवट वर आला होता.

“पाडू का?” शिपाईमामांनी दोरी घट्ट धरून विचारलं. विंगेत चौदा मेंढपाळ, कुंड्या घेतलेलं बागकाम मंडळ आणि पंख लावलेलं घुबड एकमेकांना चिकटून उभे होते.

“थांबा, मामा.”

सरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. संवाद विसरलेलं मूल बघतं तसं. तिनं वहीचं पान उलटलं, मागचं पाहिलं, पुढचं पाहिलं. समासही रिकामा होता. तिनं वही मिटली.

“सर,” ती हळूच म्हणाली. “नोंद दुरुस्त करून घेतो.”

सरांच्या लक्षात आलं नाही.

“म्हणा, सर. नोंद दुरुस्त करून घेतो.”

“नोंद,” सर म्हणाले, आणि थांबले. मग त्यांनी पाठ सरळ केली. “नोंद दुरुस्त करून घेतो.” त्यांनी खिशातून कागद आणि पेन काढलं, चष्मा नीट केला आणि पुढे होऊन, कुणीही न सांगता, विचारलं, “कुत्र्याचा रंग?”

“काळा. एक कान पांढरा.”

“उजवा की डावा?”

म्हातारीनं डोळे मिटून आठवून पाहिलं. “डावा.”

“वय?”

“ते वडिलांना माहीत होतं,” ती म्हणाली. “त्या पुस्तकात त्यांनी लिहिलेलं सगळं मी आज अठ्ठ्याहत्तर वर्षांनी ऐकतेय. आणि ते शिडीचं म्हणाल, तर त्यांना पायरीवर उभं राहिलं तरी चक्कर यायची. चढले असते तर पडलेच असते.” ती खाली बसली. “हं, पुढचं दाखवा. अजून कोण कोण आलंय?”

मोठ्या बाई म्हातारीकडे बघत होत्या. वर आलेला हात त्यांनी केसांवरून फिरवला, जणू तेवढ्यासाठीच तो वर आला होता, आणि त्या बसल्या.

शिपाईमामांनी दोरीवरची पकड सैल केली. पुढचा प्रवेश घुबडाचा होता. आठवीतली मुलगी पंख पसरून स्टेजवर आली, ठरल्याप्रमाणे उजवीकडून, पण ठरल्यापेक्षा फार हळू. वर्गाची चार मुलं बाकांवर बसली होती. घुबड त्यांच्या डोक्यांवरून पंख सांभाळत पुढे निघालं. इथे शिट्टी वाजायला हवी होती. सनावळे सर कडेला बसून कागदावर भरभर काहीतरी उतरवत होते.

“सर,” ती विंगेतून कुजबुजली. “शिट्टी.”

“थांब गं,” सर मान वर न करता म्हणाले. “आधी बसू दे तिला.”